स्पॅनिशमधील अमेरिकी कायदे ही अलीकडची सवलत नव्हे

१ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा ठरली. तेव्हापासून एक विधान सर्रास पुढे पाठवले जात आहे: तेथील कायदे पहिल्यापासून केवळ इंग्रजीतच निघत, स्पॅनिश आवृत्त्या ही नव्या स्थलांतरितांना दिलेली सवलत आहे, आणि जुन्या स्पॅनिश प्रती या इंग्रजीच्या नकला असल्यामुळे त्या जमवण्यात अर्थ नाही. यातील एकही भाग पुराव्यापुढे टिकत नाही.

‘पहिल्यापासून केवळ इंग्रजी’ हे कॅलिफोर्नियापुरते तर उघडच खोटे आहे. १८४९ मध्ये मॉन्टेरे येथे जमलेल्या ४८ प्रतिनिधींनी, ज्यांत आठ जण तेथील जुने स्पॅनिशभाषक होते, राज्यघटनेच्या अकराव्या अनुच्छेदातच प्रसिद्ध करावयाचे सर्व कायदे व आदेश इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांत छापण्याचे बंधन घातले. कॅलिफोर्निया संघराज्यात सामील झाले ते त्यानंतर, सप्टेंबर १८५० मध्ये. त्याही आधी, टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक असताना, तेथील सिनेटर हुआन सेगीन यांनी कायदे स्पॅनिशमध्ये छापावेत यासाठी प्रयत्न केले होते.

‘सवलत’ हा शब्दही चुकीचा आहे, कारण या भागातील स्पॅनिशभाषक कोठूनही आलेले नव्हते. अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवणाऱ्या १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहाने मेक्सिकोचा हा प्रदेश अमेरिकेकडे गेला, आणि ते राहत्या घरीच अमेरिकेच्या अमलाखाली आले. मात्र येथे स्पॅनिशची बाजू घेणारेही घाईने तहाचा दाखला देतात, तोही बरोबर नाही. तहात मालमत्तेची व नागरिकत्वाची हमी आहे, भाषेची नाही. भाषेचे बंधन राज्यांनी आपणहून लिहून घेतले: कोलोरॅडोच्या १८७६ च्या घटनेने १९०० पर्यंत कायदे स्पॅनिश व जर्मनमध्येही छापण्यास सांगितले, तर १९१२ मध्ये राज्य झालेल्या न्यू मेक्सिकोच्या घटनेने पहिली वीस वर्षे स्पॅनिश प्रकाशन सक्तीचे केले.

राहिला ‘नकले’चा आक्षेप, आणि संग्राहकाचे सर्वाधिक नुकसान तोच करतो. अमेरिकी सैन्याचे जनरल कर्नी यांनी न्यू मेक्सिकोतील सांता फे ताब्यात घेतल्यावर १८४६ मध्ये त्यांच्याच सैन्यातील डोनिफन व हॉल यांनी कायदेसंहिता रचली, कॅप्टन डेव्हिड वॉल्डो यांनी तिचे स्पॅनिश भाषांतर केले आणि ती दोन्ही भाषांत छापली गेली. तेथील छापखाना स्पॅनिश मजकुराचा, त्यामुळे स्पॅनिशला फारशा न लागणाऱ्या ‘डब्ल्यू’चे छपाईचे खिळेच नव्हते, दोन ‘व्ही’ शेजारी शेजारी जुळवून इंग्रजी भागाची वेळ निभावून नेली गेली. तेव्हा या छपाईत अडचण झाली ती इंग्रजीची. पुढे न्यू मेक्सिकोच्या विधिमंडळात स्पॅनिशभाषकांचे बहुमत असल्याने अनेक विधेयके आधी स्पॅनिशमध्ये लिहिली गेली, म्हणजे अशा कायद्यांचे भाषांतर म्हणावे ते इंग्रजी पाठालाच. म्हणून न्यू मेक्सिकोच्या कायद्यांचा खंड घेताना दोन्ही भाषांतील पाठ मिळवून कलमागणिक ताडून पाहावेत.

कॅलिफोर्नियाच्या संग्रहाला मात्र ठरलेली सीमा आहे: १८७९ च्या नव्या घटनेने इंग्रजीखेरीज अन्य भाषेत कायदे प्रसिद्ध करण्यास मनाई केली, त्यामुळे तेथील स्पॅनिश खंडांचा शोध घ्यायचा तो त्याआधीच्या तीन दशकांतच.