डायपरवाल्यांची जलसफर

क्रूझच्या जाहिरातीतली आई नीट बघा. डोक्यावर रुंद टोपी, हातात सरबताचा उंच पेला, नजर थेट क्षितिजाला. बाळ शेजारीच कुठेतरी खिदळतंय, पण त्याला धरणारा हात कुणाचा ते काही दिसत नाही. तो हात चौकटीबाहेर आहे आणि अख्खी जाहिरात त्याच्याच जोरावर उभी आहे. बाळाला घेऊन क्रूझला जायचं ठरलं की पहिलं काम तो हात शोधायचं. केबिन, बाल्कनी, बंदरं हे सगळं नंतर.

जहाजावर वरच्या मजल्याचे श्रीमंत आणि खालच्या मजल्याचे आपण, अशी विभागणी असते हा गैरसमज आहे. खरी फाळणी एकच: डायपरवाले आणि बिनडायपरवाले. तलावात कोण उतरणार, क्लबात कोण जाणार, संध्याकाळी नाटक कोण बघणार, सगळं त्या एका वस्त्रावर ठरतं.

त्याआधी वयाचं फाटक. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला चढू देत नाहीत. लागोपाठ तीन किंवा जास्त दिवस किनारा दिसणार नसेल, अटलांटिक वगैरे ओलांडायचा असेल, तर साधारणपणे 12 महिने पूर्ण लागतात. जहाजावर डॉक्टर असतो, नर्स असते, पण तान्ह्यांचा अतिदक्षता विभाग नसतो आणि हेलिकॉप्टरही काही हव्या तितक्या लांब येऊ शकत नाही. वय मोजतात ते जहाज सुटायच्या तारखेला. पाच महिने एकोणतीस दिवसांच्या बाळाला धक्क्यावरची बाई ‘किती गोऽड’ म्हणेल आणि त्याच गोडीत परत पाठवेल. शिवाय बाळ पूर्ण प्रवासी म्हणून मोजलं जातं, कारण जीवरक्षक होडीतल्या जागा माणसागणिक असतात, किलोगणिक नाहीत. ‘ते काय, मांडीवरच तर असतं’ हा युक्तिवाद दोघांच्या केबिनला लागू पडत नाही.

आता सांभाळण्याचं. माहितीपत्रकात ‘मुलांसाठी मोफत क्लब, सकाळपासून रात्रीपर्यंत’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. खालची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक ठिकाणी तीन वर्षं पूर्ण हवीत आणि शी-शूची सवय हवी. सवय म्हणजे खरी सवय. ओढून घालायचा चड्डीसारखा डायपर त्यांच्या लेखी डायपरच. तिथल्या ताया चित्रं रंगवून घेतात, नाच शिकवतात, पण नियमानुसार कुणाचं काही बदलत नाहीत. कार्निव्हलसारखी एखादी कंपनी दोन वर्षांपासून मुलं घेते, पण तो अपवाद.

सहा महिने ते तीन वर्षं या मधल्या जनतेसाठी लागतं ते पाळणाघर, आणि ते सगळ्या जहाजांवर नसतं. डिस्नेच्या जहाजांवर आहे, ताशी पैसे मोजून. रॉयल कॅरिबियनच्या बऱ्याच जहाजांवर आहे, तेही ताशी. पी अँड ओ आणि क्यूनार्ड यांच्याकडे कौटुंबिक जहाजांवर रात्रीचं पाळणाघर असतं: पाळण्यांची रांग, मंद दिवा, आणि एका झोपलेल्याला उठवायला पुरेसं असलेलं एक जागं बाळ. नॉर्वेजियनकडे तीन वर्षांखालच्यांसाठी खेळायची जागा आहे, पण आईबापांनी सोबत बसायचं; म्हणजे घरच्यासारखंच, फक्त जमीन हलती. म्हणून चौकशी करताना कंपनीचं नाही, जहाजाचं नाव घेऊन विचारा. एकाच कंपनीच्या दोन जहाजांत एकावर पाळणाघर असतं आणि दुसऱ्यावर त्या जागी कॅसिनोची आणखी चार यंत्रं असतात.

पाळणाघर आहे हे कळल्यावर लोक निवांत होतात. तिथेच फसगत होते. एका बाईकडे किती बाळं द्यायची याला मर्यादा असते, म्हणून तासही मोजकेच निघतात, आणि जिथे प्रवासाआधी ऑनलाइन नोंदणी असते तिथे संध्याकाळचे तास पहिल्या दिवशीच उडतात. नोंदणीची खिडकी कोणत्या तारखेला उघडते ते विचारून ठेवा. सगळे पैसे भरल्याशिवाय ती बऱ्याचदा उघडतच नाही. आधी मिळालं नाही तर जहाजावर चढल्याबरोबर, जेवणाच्या रांगेकडे न बघता, सरळ पाळणाघर गाठा. काही तास चढल्यावर वाटण्यासाठी राखलेले असतात. लोक मात्र आधी बुफेकडे धावतात. बुफे सात दिवस तिथेच असतो, शुक्रवारचे सात ते नऊ नसतात.

तास घेताना हावरेपणा नको. काही ठिकाणी वेळेत रद्द केलं नाही तर पैसे लागतात. माझ्या मते समुद्रातल्या दिवसांचे सकाळचे दोन तास आणि एक-दोन संध्याकाळी, एवढं पुष्कळ झालं. बंदराच्या दिवशी बहुतेक प्रवासी खाली उतरतात आणि जहाज रिकामं होतं. त्या दिवशी पाळणाघरातही जागा सहज मिळते. बाळ तिथे, तुम्ही मोकळ्या डेकवर, आणि खुर्चीवर कुणाचा टॉवेल नाही. ही सोय जाणत्या लोकांनाच ठाऊक असते, म्हणून इथे हळूच सांगतोय.

पहिली खेप अर्ध्या-एक तासाची ठेवा, दूध पाजून, झोप झाल्यावर. लोक उलट करतात. पहिल्याच दिवशी, विमानाने-बसने शिणलेलं, दुपारची झोप बुडालेलं बाळ संध्याकाळी साडेसहाला अनोळखी हातांत देतात आणि स्वतः इस्त्रीच्या कपड्यांत जेवायला बसतात. मग काय होतं ते ठरलेलं आहे. पाव येतो. सूप येतं. चमचा ओठांपर्यंत जातो आणि पाळणाघराने दिलेला फोन टेबलावर थरथरत सरकायला लागतो. वाढपी अनुभवी असतो, तो काही न विचारता सूपवर ताटली झाकतो. बाळ ठरावीक वेळ गप्पच झालं नाही तर बोलावणं येतंच. त्यात तिथल्या बाईंचा दोष नाही. एक सूर धरतो, मग पाच साथ देतात.

पाळणाघराच्या पिशवीत तीन डायपर, पुसायचे ओले रुमाल, कपड्यांचा एक जोड, झोपेचं जे काही फडकं-ससा असेल ते, आणि आधीच तयार केलेली बाटली. प्रत्येक वस्तूवर नाव आणि केबिनचा नंबर, टोपणावरही. औषध तिथे सहसा देत नाहीत, ते तुम्हीच येऊन पाजायचं. आणि ताप, जुलाब, वाहतं नाक दिसलं तर दारातूनच नमस्कार. दात येताना गळणारं नाक आणि सर्दीचं नाक यांतला फरक दारात उभं राहून सिद्ध करता येत नाही. केबिनमध्येच पुसून न्यावं, एवढंच मी म्हणेन.

काही जहाजांवर केबिनमध्ये येऊन सांभाळणारं कुणी मिळतं. ती व्यक्ती बहुतेकदा जहाजाचीच कर्मचारी, आपली पाळी संपवून आलेली, म्हणून आदल्या दिवशी सांगावं लागतं आणि तरी ‘बघतो’ हेच उत्तर मिळतं. उरला सगळ्यात जुना मार्ग: आजी-आजोबा. ‘तुमच्यासाठीच तर काढलीय ही ट्रिप’ असं म्हणून त्यांना नेणारे पुष्कळ आहेत. आजीला पहिल्या दिवशीच सगळं कळतं, पण ती बोलत नाही. मधल्या दाराने जोडलेल्या दोन केबिन घ्या, आणि रात्री किती वाजता दार लागणार ते तिला ठरवू द्या. हे काहीच जमलं नाही तर नवराबायकोने पाळ्या लावायच्या: एकाने नाटकाचा पहिला खेळ बघायचा, दुसऱ्याने दुसरा, आणि मधल्या वीस मिनिटांत शेवट न फोडता बाळ हातात द्यायचं.

डायपरचा सगळ्यात कडक कायदा तलावाचा. अमेरिकेच्या बंदरांतून ये-जा करणाऱ्या जहाजांना तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचे स्वच्छतेचे नियम लागू असतात आणि त्यांनुसार डायपरमधलं मूल तलावात नको, पोहायचा डायपर असला तरी नको. तो डायपर घट्ट ते अडवतो, पातळ ते नाही, आणि जंतू तर मुळीच नाही. घोटाळा झालाच तर सगळ्यांना बाहेर काढून, साफ करून, क्लोरीन वाढवून तलाव काही तास बंद ठेवतात. तेवढा वेळ साताठशे माणसं ओल्या चड्ड्यांवर ‘ते कुणाचं होतं’ याचा शोध घेत असतात. काही नव्या जहाजांवर डायपरवाल्यांसाठी वेगळ्या गाळणीचं कारंजं असतं. नसेल तर फुगवायचा छोटा टब न्या. तो आंघोळीलाही लागतो, कारण साध्या केबिनमध्ये बहुधा फक्त शॉवर असतो, तोही उभ्याने वळताना कोपर लागेल एवढा.

केबिन साधारण पंधरा ते सतरा चौरस मीटरची. बाळाचा घडीचा पाळणा बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा. तो उघडला की केबिनचं सरकत्या चौकोनांचं कोडं होतं: कपाट उघडायला पाळणा ढकला, पाळणा ढकलायला खुर्ची पलंगावर ठेवा, आणि पलंगावर ठेवायला आधी नवऱ्याला उठवा. केबिनचं दार बरेचदा 55 ते 60 सेंटीमीटरच रुंद असतं. रुंद चाकांची बाबागाडी त्यातून जात नाही, आणि बाहेर बोळात ठेवू देत नाहीत. आग लागली तर तीच पळायची वाट. काठीसारखी मिटणारी गाडी न्या. छोट्या होडीतून किनाऱ्यावर उतरवणारी बंदरं असतील तर अंगाला बांधायची झोळीही.

भिंती पोलादी असतात, त्यावर चुंबकाचे हूक मस्त चिकटतात. लाळेरी, टोपी, टॉवेल सगळं भिंतीवर. मात्र त्याच पोलादामुळे बाळावर नजर ठेवायचं यंत्र दोन दारं पलीकडे मुकं होतं. तसंही बाळाला केबिनमध्ये एकटं ठेवून जायचं नसतंच. बाल्कनीवाली केबिन परवडत असेल तर घ्या. सात वाजता आत अंधार करून आईबापांना निदान बाहेर बसून कुजबुजता येतं. बिनखिडकीची केबिनही वाईट नाही. इतका काळोख की बाळ नऊ वाजेपर्यंत उठत नाही, आणि तुम्ही त्या काळोखात भिंतीकडे बघत बसता.

दुधाचं बघा. सोबत आणलेली किटली, इस्त्री बहुतेक जहाजांवर चालत नाही, बाटली तापवायचं यंत्रही कित्येक ठिकाणी काढून घेतात. सर्ज प्रोटेक्टरची, म्हणजे वीज उसळली तर यंत्रं वाचवणारी, पट्टी तर नकोच: जहाजाची विजेची जोडणी घरासारखी जमिनीशी बांधलेली नसते आणि तिथे ती पट्टी तापून पेटू शकते. म्हणून चांगला थर्मास न्या आणि बुफेतून उकळतं पाणी भरून घ्या. पावडरचं दूध 70 अंशांच्या वरच्या पाण्यात कालवायचं, गार करून पाजायचं, आणि दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं. बाटल्या निर्जंतुक करायला थंड पाण्यात टाकायच्या गोळ्या आणि झाकणाचा डबा. केबिनमधला छोटा फ्रीज हा फ्रीज नसून गार कपाट आहे. काढून ठेवलेलं आईचं दूध किंवा औषध असेल तर दवाखान्यासारखा फ्रीज आधीच मागून ठेवा.

डायपरचं गणित: दिवसाला आठ, सात रात्रींचे 56, वर पाव हिस्सा धरून 70. जहाजाच्या दुकानात मिळाले तर मापाचे नसतात, मापाचे असले तर तुमच्या आधीच्या आईने नेलेले असतात. पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत कधीही पोचतात, तेव्हा त्या दिवसाचं सगळं खांद्यावरच्या पिशवीत हवं.

सुटायच्या आधी सुरक्षेची कवायत. 2012 साली इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली. नंतर नियम बदलले आणि 2015 पासून नव्या प्रवाशांची कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी होते. आता पुष्कळदा व्हिडिओ बघून आपल्या जागी जाऊन आलं की भागतं, पण भोंगा वाजतोच: सात आखूड आणि एक लांब. तो नेमका दुपारच्या झोपेत वाजतो. 15 किलोंखालच्यांसाठी वेगळं जीवरक्षक जाकीट असतं आणि चोवीस तासांहून लांबच्या सफरीत जहाजावरच्या प्रत्येक तान्ह्याला एक असलंच पाहिजे. ते केबिनमध्ये नसेल तर मागून घ्या. बाळाला घालून बघा, आणि रडण्याकडे लक्ष देऊ नका.

बोट लागण्याची काळजी बाळाची करू नका. दोन वर्षांखालच्यांना ती सहसा लागत नाही. लाटा आल्या की बाळ ढाराढूर झोपतं आणि बाप हिरवा पडतो. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन कमी हलते. गोळी घ्यायची असेल आणि अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना निघण्याआधीच विचारा. आणि हात साबणानेच धुवा. जहाजावर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करवणाऱ्या नोरोव्हायरसला सॅनिटायझर फारसं जुमानत नाही, आणि बाळ तर कठडा चाटतं.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा झोपायच्या आधी दाराबाहेर ठेवायला सांगतात. लोक शिस्तीने सगळं भरतात, बॅगा जातात, आणि पहाटे तीन वाजता लक्षात येतं की डायपर, बाळाचे कपडे आणि बापाची पँट खालच्या गोदामात पोचली आहेत. सकाळी पायजम्यात कस्टमच्या रांगेत उभे असलेले दोन-तीन बाप प्रत्येक सफरीत दिसतात.