भाऊ, नेता व्हायचंय ना? मग काम शिकू नका

सर्वात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या भाऊ, नेता व्हायला काम यावं लागते हा लोकांनी पसरवलेला गैरसमज आहे, काम तर नळ दुरुस्त करणाराही करते, त्याला कोणी हार घालते का?

तर सुरुवात फ्लेक्सपासून. वाढदिवस जवळ आला की आपल्या नागपूरच्या व्हेरायटी चौकात एक लावून टाका, मधात तुम्ही हात जोडून, वर साहेब लोकांचे गोल गोल फोटो, खाली पोट्ट्यांचे पासपोर्ट साईझ, आणि नावाखाली "भावी नगरसेवक". हा "भावी" शब्द जीवापाड जपा बरं, निवडून आलेला माणूस पाच वर्षांत माजी होते, भावी कधीच माजी होत नाही.

आता कोणासारखं व्हायचं नाही ते सांगतो. आमच्या फ्लॅट स्कीमच्या सेक्रेटरी एक काकू आहेत, रिटायर्ड मास्तरीण, पार बिघडलेलं उदाहरण! मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत नळाला धार नसते तेव्हा ह्या बाई आवाज चढवत नाहीत, निवेदन देतानाचा फोटो नाही, काही नाही, फक्त व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाला फोन करतात आणि आधी विचारतात की पोराचा दहावीचा पेपर कसा गेला. अन् पाणी येते ना बाप्पा! टँकर कोणाकडे किती गेला ते वहीत लिहून ठेवतात, स्वतःची बादली शेवटी भरतात, मीटिंगमध्ये कोणी तोंडावर म्हटलं की काकू तुमचा हिशोब चुकला तर चष्मा लावून बघतात आणि म्हणतात, हौ रे, चुकला. सगळ्यांसमोर! असं केल्यावर काय इज्जत राहणार? मागच्या वर्षी त्या महिनाभर पोरीकडे पुण्याला गेल्या, आम्ही म्हटलं आता स्कीम बुडाली, तर खालच्या मजल्यावरचे दोन पोट्टे पंप, वही, टँकर सगळं बरोबर सांभाळून राहिले होते, कारण बाईंनी त्यांना आधीच शिकवून ठेवलं होतं.

ही चूक तुम्ही करू नका. पोट्ट्यांमधला एखादा हुशार निघाला, लोकं त्याचं नाव घेऊन विचारायला लागले, की लगेच त्याला गाडी पार्क करायला पाठवा.

इतिहास वाचायचा असला तर उलटा वाचा. 1923 साली आपल्याच नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला, जमनालाल बजाजांना अटक झाली, आता नेताच आत गेला म्हटल्यावर बाकीच्यांनी झेंडे गुंडाळून घरी जायला पाहिजे होतं ना, पण नाही, गावोगावचे लोकं येत राहिले, अटक होत राहिले, वल्लभभाई पटेल येऊन पुढचं सांभाळायला लागले. म्हणजे नेता तुरुंगात आणि सत्याग्रह जोरात! आता विचार करा, उद्या तुम्ही आठ दिवस तिरुपतीला गेले आणि वॉर्डात कोणालाच फरक पडला नाही तर? भीती वाटली ना? तेच तर म्हणतो.

संकटात मात्र टायमिंग महत्त्वाचं. सप्टेंबर 2023 मध्ये तो पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदीचं पाणी लोकांच्या घरात, तेव्हा काही येडे अंधारातच दोर घेऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना काढून राहिले होते, नाव ना गाव. माझ्या ओळखीचे एक भावी मात्र शांत डोक्याचे, उजेड पडेस्तोवर घरीच थांबले, म्हणे अंधारात मोबाईलचा फोटो नीट येत नाही. मग आले, गमबूट कोरे करकरीत, आणि बिस्किटाचा एक पुडा अकरा हातांनी मिळून एका आजीला दिला (आजी म्हणाली झाडू आणला का, घरात गाळ आहे, पण ते व्हिडिओतून कापलं).

मग डिसेंबर. 1953 च्या नागपूर करारात ठरलं होतं की वर्षातून विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला व्हावं, म्हणजे विदर्भाचे प्रश्न मांडले जातील वगैरे. तुम्ही त्यात पडू नका. तुमच्यासाठी अधिवेशन म्हणजे मंत्री उतरतात त्या रवी भवनाचं गेट, हातात शाल, खिशात बायोडाटा. साहेब दिसले की घुसा. नगरसेवकाचं तिकीट पक्कं व्हायच्या आधीच आमदारकीबद्दल बोलून ठेवा, कारण खालच्या खुर्चीवर नीट बसलात की लोकं तिथलं काम विचारतात, रस्ता कधी, गटार कधी, नुसती कटकट.

आता इतकं सगळं करूनही तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीत एखाद्या मंडळानं तुमचाच बडग्या, म्हणजे जाळायचा पुतळा, काढला तर रागावू नका. उलट नीट बघा, महालातून इतवारीपर्यंत माणसांचा पूर, गच्चीवर बाया, खांबावर पोट्टे, सगळे तुमच्याकडे बोट दाखवून "घेऊन जा गे मारबत" ओरडून राहिले, आणि एकालाही गाडीभाडं नाही, जेवणाचं पाकीट नाही. एवढी गर्दी तुमच्या कोणत्या सभेला झाली होती सांगा? फक्त जाळायच्या आधी एक सेल्फी घेऊन टाका, पुढच्या फ्लेक्सला कामी येईल.