हलक्या ग्रास ट्रिमरबद्दलच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. गवत कापणारी नायलॉनची फिरती दोरी सारखी तुटत होती म्हणून तुम्ही बाहेरून 2.4 मिमीची जाड दोरी आणून भरली, ती अडते म्हणून गार्ड (दोरीवरचं संरक्षक झाकण) काढला, आणि आता बॅटरी दहा-बारा मिनिटांत संपते. "हलकं मशीन म्हणजे खेळणं" असं लिहून तुम्ही बदल्यात पेट्रोलचा ब्रश कटर (झुडपंही कापणारं जड मशीन) मागितला आहे.

मशीन बदलू नका, आधी गार्ड परत बसवा. गार्डशिवाय खडा थेट डोळ्यावर किंवा नडगीवर येतो. शिवाय त्याच्या कडेला जे छोटं पातं असतं, ते वाढलेली दोरी मापात छाटतं. ते नसलं की दोरी लांब राहते आणि मोटर तिलाच फिरवत दमते. जाड दोरीचंही तेच. नायलॉन कापतं ते वेगामुळे. हे 18 व्होल्टचं मशीन 1.6 मिमीसाठी बनलेलं आहे. त्यात 2.4 घातली की फेरे मंदावतात, गवत कापलं न जाता वाकतं आणि हेडभोवती, म्हणजे दोरी फिरवणाऱ्या खालच्या भागाभोवती, गुंडाळतं. बॅटरीचा हिशोब पाहा: 18 व्होल्ट, 2 अँपिअर-तास म्हणजे 36 वॉट-तास. मोटरने 100 वॉट ओढले तर 20 मिनिटांच्या वर चालेल, 180 ओढले तर बाराच मिनिटं.

आता मूळची दोरी का तुटत होती? वाफ्यांना विटांची कड आहे असं तुम्हीच लिहिलंय. विटेला दोरी घासली की ती झिजणारच. तिथे फक्त टोक लागू द्या, हेड चार बोटं लांब ठेवा. मग रीळ उघडून पाहा. फेरे एकमेकांवर चढलेले असतील तर दोरी आत अडकते, हेड जमिनीवर आपटूनही बाहेर येत नाही. रिळावरच्या बाणाच्या दिशेने, ओळीने, ताण ठेवून गुंडाळा आणि काठोकाठ भरू नका. फेरे वितळून चिकटले असतील तर तेवढा तुकडा टाकून द्या. आणि वाकवल्यावर दोरी कट्कन मोडत असेल तर ती सुकली आहे. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, नायलॉन पाणी पितं आणि पुन्हा लवचिक होतं.

पावसाळ्यातलं गुडघाभर गवत एकदम बुडातून धरू नका. वरून खाली, दोन-तीन थरांत उतरवा. ओला पाला गार्डखाली लगद्यासारखा साचतो, तो बॅटरी काढूनच साफ करा. गरम झालेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, आधी गार होऊ द्या. रोपांच्या बुंध्याजवळ मात्र हातानेच काढा. दोरीने साल चहूबाजूंनी सोलली गेली तर झाड वाळतं.

तुमच्या दोन गुंठ्यांत हरळी आणि लव्हाळाच जास्त आहे. त्यासाठी सहा-सात किलोचा ब्रश कटर खांद्याला अडकवून, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळत बसायची गरज नाही. कुंपणाकडे जाड खोडाचं गाजरगवत असेल तर हातमोजे घालून, फुलं येण्याआधी मुळासकट उपटा. दोरीने छाटलं तर ते बुडातून पुन्हा फुटतं.

नवीन घेणाऱ्यांना एवढंच सांगतो: खोक्यावरचं वजन बरेचदा बॅटरीशिवायचं असतं. दुकानात बॅटरी लावून, पुढची मूठ धरून दोन-तीन मिनिटं हलवून पाहा. हेड सारखं खाली ओढत असेल तर कमी वजनाचं मशीनही हात दुखवतं.

सर, मशीन, गार्ड आणि पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घेऊन या. 1.6 मिमीची दोरी तुमच्यासमोर भरून देतो आणि गवतावर चालवून बॅटरी किती वेळ टिकते ते घड्याळ लावून पाहू. तरीही ती पंधरा मिनिटांच्या आत बसली तर बॅटरीच्या वॉरंटीचं काम आम्ही इथूनच करून देऊ.