लावू का?

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीनं मागच्या आठवड्यात विचारलं, "आम्ही या वेळी स्पॅनिश फोर्कच्या होळीला जाणार आहोत. तिथं नेमकं काय असतं? काय घालून जाऊ?" ती इथलीच, अमेरिकेतल्या यूटा राज्याची. मी जुन्या नाशकातली, सॉल्ट लेक सिटीजवळ राहून मला अकरा वर्षं झाली.

उत्तर सोपं होतं. सॉल्ट लेकच्या दक्षिणेला, गाडीनं तासाभरावर असलेल्या या गावात इस्कॉनचं राधाकृष्ण मंदिर आहे. व्रजातल्या कुसुम सरोवराकाठच्या वास्तूच्या धर्तीवर बांधलेलं, मागे बर्फाचे डोंगर, आवारात चक्क लामा (उंटाच्या जातीचे लोकरीचे प्राणी) पाळलेले. मार्चअखेरच्या शनिवार-रविवारी तिथं हजारोंनी माणसं येतात. त्यातले बहुतेक जवळच्या प्रोव्हो शहरातल्या विद्यापीठाचे विद्यार्थी, म्हणजे मॉर्मन पंथाची मुलं. ती दारू पीत नाहीत आणि मंदिरातही दारूला मज्जाव आहे, त्यामुळे कुणी झिंगलेलं दिसत नाही. रंग मक्याच्या पिठाचा, कोरडा. घरून आणलेला चालत नाही, तिथंच विकत घ्यायचा. व्यासपीठावर कीर्तन सुरू असतं आणि ठरावीक वेळानं आकडे उलटे मोजून सगळे एकदम रंग उधळतात. दोन-तीन मिनिटं शेजारचा माणूस दिसत नाही.

तिला मी सांगितलं, जुने कपडे घाल, आत गरम काहीतरी घाल कारण वारा बोचतो. डोळ्यांवर चष्मा, नाकातोंडावर रुमाल, फोन पिशवीत. दमा असेल तर मधोमध जाऊ नकोस. आणि आसपास कुणालाही सिगारेट पेटवू देऊ नकोस. २०१५ मध्ये तैवानमध्ये रंग उधळण्याच्या एका पार्टीत अशाच पिठाच्या धुरळ्यानं पेट घेतला, १५ जण दगावले, सुमारे ५०० भाजले. ती होळी नव्हती, पण पीठ तेच होतं.

मग तिनं विचारलं, "पुढच्या वर्षी आम्ही भारतात जायचं म्हणतोय. तिथंही असंच असतं ना?"

इथं माझी जीभ अडली.

मी आठवीत होते. होळीला चार दिवस बाकी होते, क्लासहून घरी येत होते. वरच्या गच्चीतून फुगा आला तो डोळ्याखाली बसला. आतलं पाणी गटाराचं होतं. वर हसण्याचे आवाज होते, मला दुखलं त्याहून ते हसणं जास्त लागलं. तेव्हापासून बारावीपर्यंत होळीच्या आदल्या आठवड्यात मी लांबच्या गल्लीनं घरी जायचे. धुळवडीला आई आम्हा बहिणींना दुपारी दोनपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही. सण आमचा आणि कोंडूनही आम्हीच.

दरवर्षी आपल्याकडे हा विषय निघतो आणि दरवर्षी एकच उत्तर मिळतं: आमच्याच सणांना उपदेश का? २०२३ मध्ये उत्तरेतली रंगाची होळी आणि महिला दिन एकाच दिवशी आले. होळीत बायकांना होणाऱ्या त्रासावर एका विवाहजुळणी संस्थेनं जाहिरात केली, तर तिच्यावरच बहिष्काराची हाक उठली. त्याच होळीत दिल्लीतल्या पहाडगंजमध्ये एका जपानी मुलीला काही तरुणांनी घेरलं, धरलं, तिच्या डोक्यावर अंडं फोडलं. चित्रफीत जगभर फिरली, पोलिसांनी तिघांना ताब्यात घेतलं. इथं बसून मी ती पाहिली. तिला कुणी सांगितलं असेल, "जा, रंगांचा सण आहे, मजा येईल"? मीही माझ्या मैत्रिणीला तेच सांगणार होते.

उपदेशाची तक्रार अगदीच खोटी आहे असं मी म्हणत नाही. वर्षभर टँकरच्या रांगेकडे न बघणारे लोक होळीच्या आठवड्यात पाण्याच्या काळजीनं जागे होतात, त्याचा मलाही राग येतो. पण सगळाच उपदेश बाहेरून आलेला नाही. 'होळी लहान करा, पोळी दान करा' ही अंधश्रद्धा निर्मूलन समितीची हाक, इथल्याच मातीतली. तिनं होळी विझली नाही, उलट पुरणपोळी भुकेल्या माणसापर्यंत गेली.

आणि नियम म्हणजे पाश्चात्त्यांचं खूळ, हे तर नाशिककरानं मुळीच मानू नये. आमच्याकडे खरा रंग धुळवडीला नव्हे, रंगपंचमीला. त्यासाठी पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत. शनी चौकात, तिवंध्याला, दिल्ली दरवाज्याला, जुन्या तांबट लेनमध्ये. दगडी बांधणीचे खोल हौद, एरवी लाकडं आणि माती टाकून बुजवलेले. वरून रस्ता जातो, खाली रहाड आहे हे परक्याला कळतही नाही. रंगपंचमीला उघडायची, पूजा करायची, रंग कालवायचा आणि मग धप्पा! काठावरून पाण्यात अंग झोकून द्यायचं, सगळी गल्ली भिजवणारा धप्पा. जागा ठरलेली, दिवस ठरलेला. ज्याला भिजायचंय तो रहाडीकडे जातो, रहाड कुणाच्या मागे धावत नाही. मित्र एखाद्याला उचलून टाकतात हे खरं, पण ते मित्र असतात आणि तो ओरडत असला तरी घरूनच जुना सदरा घालून आलेला असतो.

स्पॅनिश फोर्कमध्ये पहिल्या वर्षी मी कुंपणाशी उभी राहिले, पाठ भिंतीला लावून. जुनी सवय. विशीतला एक मुलगा मूठभर गुलाबी रंग घेऊन समोर आला, हात लांबच ठेवून थांबला आणि म्हणाला, "लावू का?" मी नको म्हटलं. तो हसून पुढे गेला. तासाभरानं मी स्वतःच गर्दीत शिरले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

तिथं सगळं मिळतं असं नाही. तिथी नाही, होळीपुढची बोंब नाही, गळ्यात साखरेचा हार घातलेली पोरं नाहीत, रंग लावणाऱ्याचं नाव माहीत नसतं. घरी मामी गालावर बोट फिरवायची तेव्हा वर्षभराचा अबोला सुटायचा, ते मक्याच्या पिठानं होत नाही. म्हणूनच मला माझं नाशिक हवंय, पण आठवीतल्या मुलीला लांबच्या गल्लीनं जावं लागणार नाही असं.

मैत्रिणीला शेवटी सांगितलं, धुळवडीला मोठ्या शहरात एकटी फिरू नकोस, रंगपंचमीला नाशकात ये, माझ्या भावाकडे उतर, आधी वहिनीबरोबर गॅलरीतून बघ.

रहाडी सांभाळणाऱ्या मंडळांना माझी एक विनंती आहे. चौकाच्या तोंडाशी एक फलक लावा. रंग कशाचा, वेळ किती ते किती, ज्याला भिजायचं नाही त्यानं कुठल्या बाजूनं जायचं. पाहुण्यांसाठी इंग्रजीत लिहा, पण आधी मराठीत. आणि तो आठवडाभर अगोदर लावा, कारण शाळेच्या मुली तिथून रोज जातात.