‘दरमहा पैसे घेतात, काम मात्र दिसत नाही’ या अभिप्रायास आमचे उत्तर

महोदय,

आमच्या संगणक-देखभाल सेवेविषयी आपला एक तारा दिलेला अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. शनिवारी संध्याकाळी आम्ही न विचारता टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बाहेरून होणारा वापर बंद केला आणि जीएसटी विवरणपत्राचे काम दोन तास अडले, अभियंता कारखान्यात क्वचितच येतो, ओटीपीची सक्ती आणि नवे संगणक घेण्याचा आग्रह हा विक्रीचाच प्रकार आहे, आणि पूर्वीचे तंत्रज्ञ एका फोनवर पाचशे रुपयांत येऊन काम करून जात, असे आपले म्हणणे आहे. आपण वैयक्तिक नावाने लिहिले असल्यामुळे कंपनीची ओळख पटेल असा तपशील मी टाळला आहे. खाली ज्या त्रुटीचा उल्लेख येतो ती आता बंद झाली आहे, म्हणूनच तिच्याविषयी जाहीरपणे लिहिता येते.

प्रथम शनिवारविषयी. आपल्या लेखापालांना घरून टॅली वापरता यावी म्हणून काही वर्षांपूर्वी राउटरवरून सर्व्हरच्या रिमोट डेस्कटॉपकडे (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीकडे) थेट वाट काढून देण्यात आली होती. त्यासाठीचा ३३८९ हा नेहमीचा पोर्ट (जोडणीचा क्रमांकित दरवाजा) बदलून दुसरा क्रमांक दिला होता, आणि तेवढ्याने ती वाट लपली असा समज होता. प्रत्यक्षात इंटरनेटवरील प्रत्येक पत्त्याचे सगळे पोर्ट तपासत राहणाऱ्या स्वयंचलित यंत्रणा रात्रंदिवस चालू असतात, त्यामुळे क्रमांक बदलल्याने फारसे काही साधत नाही. त्या संध्याकाळी सर्व्हरच्या नोंदींत परदेशातील पत्त्यांवरून ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, ‘टॅली’, ‘अकाउंट्स’ अशा नावांनी दर काही सेकंदांना प्रवेशाचे अयशस्वी प्रयत्न होत असल्याचे आमच्या अभियंत्याला दिसले. त्यानंतर मात्र त्या प्रयत्नांत आपल्या लेखापालांचे खरे वापरकर्ता-नाव येऊ लागले. नाव कळले की उरतो फक्त पासवर्ड, आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या टोळ्या लहान कारखान्यांत शिरतात त्या अनेकदा अशाच उघड्या रिमोट डेस्कटॉपमधून. शिवाय हे हल्ले शनिवारी रात्री किंवा सुटीच्या दिवशी करण्याकडे त्यांचा कल असतो, कारण सोमवारपर्यंत कोणी पाहत नाही.

आपण नोंदवलेल्या दोन्ही क्रमांकांवर फोन केले, ते उचलले गेले नाहीत. ईमेल पाठवला आणि करारातील तातडीच्या कारवाईच्या कलमानुसार पोर्ट बंद केला. विवरणपत्राची मुदत तोंडावर होती याची कल्पना असल्यामुळे अभियंत्याने लेखापालांशी स्वतः संपर्क साधून त्याच रात्री त्यांच्या लॅपटॉपवर व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) बसवून दिले आणि विवरणपत्र मुदतीत भरले गेले. दोन तासांचा खोळंबा त्यांना झाला, हे खरे आहे. तरीही अशी वेळ पुन्हा आली तर निर्णय हाच राहील.

अभियंता दिसत नाही, याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ही तक्रार केवळ आपली नाही. आमचे बरेचसे काम रात्री आणि दुरून होते. संध्याकाळी संगणक बंद न करता चालू ठेवण्याची आम्ही केलेली विनंती आपल्या कार्यालयात अनेकांना जाचक वाटते, पण विंडोजची सुरक्षा-अद्यतने त्याच वेळात बसवली जातात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरातील संगणक बंद पाडले, तेव्हा ज्या त्रुटीचा त्याने उपयोग केला तिच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. फटका मुख्यतः बसला तो ज्यांनी ते अद्यतन बसवले नव्हते त्यांना.

दुसरे काम बॅकअपचे, आणि ते आपल्याकडे प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीवरूनच सांगतो. करार झाला तेव्हा आपल्याकडे रोज रात्री बॅकअप होत होता आणि रोज सकाळी ‘यशस्वी’ असा संदेशही येत होता. आम्ही तो बॅकअप एका वेगळ्या संगणकावर उतरवून टॅली उघडली, तर शेवटची नोंद मागील आर्थिक वर्षातली निघाली. डेटा सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर हलवला गेला होता आणि बॅकअप मात्र इमानेइतबारे जुन्या फोल्डरचाच चालू होता. त्यात तो ज्या यूएसबी डिस्कवर जात होता ती सर्व्हरला कायमची जोडलेली होती, म्हणजे सर्व्हरवरील फाइली कुलूपबंद झाल्या असत्या तर त्या डिस्कवरीलही झाल्या असत्या. आता एक प्रत कारखान्याबाहेर असते आणि दर तिमाहीला ती उतरवून खातेवही ताळ्यात येते का ते पाहिले जाते. त्याचा अहवाल आपल्याला ईमेलने येतो. तो उघडला गेला नसावा, असे अभिप्रायावरून वाटते.

यंत्रणेच्या नोंदी (लॉग) साठवण्याचे वेगळे शुल्क का, असेही आपण विचारले आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे आणि निर्देशांत दिलेल्या प्रकारची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे. लघुउद्योगांना दिलेली सवलतीची मुदत त्याच वर्षी २५ सप्टेंबरला संपली. शनिवारचे प्रयत्न कोठून आणि कोणत्या नावाने झाले हे सांगता आले ते याच नोंदींमुळे.

नव्या संगणकांबद्दल इतकेच सांगतो की विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. वाढीव सुरक्षा-अद्यतने विकत घेता येतात, परंतु कंपन्यांसाठी त्यांचा दर पहिल्या वर्षी प्रतिसंगणक ६१ डॉलर असून पुढे दरवर्षी दुप्पट होतो, ती रक्कम जुन्या यंत्रात घालणे मला पटत नाही. आपल्या सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्राला जोडलेला जुना संगणक मात्र बदलू नका, असे आम्हीच लेखी कळवले आहे. यंत्राचे सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालत नाही, म्हणून तो इंटरनेटपासून तोडून वेगळ्या जाळ्यात ठेवला आहे. विक्रीच करायची असती तर हा सल्ला दिला नसता. ओटीपी लेखापालांच्या वैयक्तिक मोबाइलवर नको असेल, तर यूएसबीसारखी सुरक्षा-किल्ली देता येते. मला स्वतःला तीच अधिक सोयीची वाटते.

पूर्वीच्या तंत्रज्ञांविषयी माझे प्रतिकूल मत नाही. प्रिंटर अडला किंवा हार्ड डिस्क बदलायची असली तर पाचशे रुपयांत अर्ध्या तासात येणारा माणूस आमच्यापेक्षा स्वस्त आणि बहुधा जलदही असतो, त्या कामांसाठी त्यांना बोलावण्यास आमची हरकत नाही. फक्त सर्व्हर आणि राउटरमधील बदल आम्हाला कळवून व्हावेत.

एवढे वाचूनही सेवा नको असेल, तर करारानुसार ३० दिवसांची सूचना पुरेशी आहे. डोमेन आणि ईमेलची नोंदणी आपल्याच कंपनीच्या नावे आहे, प्रशासकीय पासवर्ड मोहोरबंद पाकिटात आपल्या संचालकांकडे आहेत, आणि राउटरची मांडणी, बॅकअप उघडण्याच्या सांकेतिक किल्ल्या व मागील १८० दिवसांच्या नोंदी आम्ही नव्या सेवादात्याकडे कोणतेही शुल्क न घेता सुपूर्द करू. तत्पूर्वी आपण आणि लेखापाल दोघेही उपस्थित असतील अशा वेळी कारखान्यात येऊन शनिवारच्या नोंदी समोर उघडून दाखवण्याची माझी तयारी आहे. सोयीचा दिवस कार्यालयाच्या ईमेलवर कळवावा.

आपला,
व्यवस्थापकीय भागीदार