मोठ्या केबलची यथासांग वाट कशी लावावी

इमारतीला वीजपुरवठा घ्यायचा ठरला, की लोक उगाच लोडची यादी काढत बसतात. लिफ्ट किती, पंप किती, दिवे किती, एका वेळी काय काय चालेल. तुम्ही या फंदात पडू नका. आर्मर्ड केबल, म्हणजे आत धातूच्या तारांचं चिलखत (आर्मर) असलेली केबल, निवडायची सोपी रीत म्हणजे तिचा वीतभर तुकडा मागवायचा आणि हातात तोलून बघायचा. जड लागला तर केबल पुरेल. हलका लागला तरी पुरेल, कारण खर्चाचा आकडा आधीच मंजूर होऊन बसलेला असतो.

कोणी कागद मागितलाच, तर कॅटलॉगचं पान पुढे करा. तिथे प्रत्येक साइझपुढे अँपिअरचे आकडे असतात. त्यातला मोठा धरायचा. खाली बारीक अक्षरांत बरंच काही छापलेलं असतं: भोवतालचं तापमान अमुक, पुरण्याची खोली तमुक, शेजारी दुसरी केबल नाही. ते वाचायचं नसतं. तुमच्या ट्रेमध्ये सहा केबली एकमेकींना बिलगून असल्या आणि त्यावरून ऊन पडत असलं, तर उष्णता त्यांनी आपसात वाटून घ्यावी. एक्सएलपीई या प्लास्टिकचं इन्सुलेशन, म्हणजे तारेवरचं वीजरोधक आवरण, ९० अंशांपर्यंत चालतं, पीव्हीसीचं ७०पर्यंत, एवढं पाठ असलं की चारचौघांत बोलायला पुरतं. केबल ज्या ब्रेकरच्या टर्मिनलला जाऊन टेकणार, त्याला ९० अंश मानवतात का, हे ब्रेकरने बघावं.

लांबीचा तर विचारच करू नका. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकात व्होल्टेज ड्रॉपची, म्हणजे वाटेत व्होल्टेज किती घटलं तर चालेल याची, शिफारस आहे, दिव्यांना ३ टक्के आणि बाकीच्यांना ५ टक्के. पण लिफ्टची मोटर उचलताना जिन्यातले दिवे मंदावले, तर लिफ्ट निघाल्याचं सगळ्यांना आपोआप कळतं. एवढी सोय कुठल्या मानकात मिळणार?

तांबं की अ‍ॅल्युमिनियम, हा वाद तर एका वाक्यात मिटतो. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, म्हणजे तेवढ्याच करंटला दीडपटीहून जास्त छेदाचा कंडक्टर, म्हणजे आतली वीज वाहणारी तार, हवा. तुम्हाला कोणी तांब्याची १८५ स्क्वेअर एमएम सांगितली असेल, तर अ‍ॅल्युमिनियमची १८५ मागवा. कागदावर १८५ आणि ड्रमवरही १८५. ऑडिटवाल्याला आणखी काय हवं?

न्यूट्रलसाठी, म्हणजे करंटच्या परतीच्या तारेसाठी, साडेतीन कोअर (तीन पूर्ण कंडक्टर आणि एक निम्मा) हे तर वरदानच. त्यात न्यूट्रल हा फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या कंडक्टरच्या, निम्म्या जाडीचा असतो. पूर्वी तेवढा पुरायचाही. आता इमारतभर एलईडी दिवे, संगणक आणि चार्जर आहेत. त्यांचे तिसरे हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचे करंट, तीन फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होते. कधी कधी न्यूट्रलमधून फेजपेक्षा जास्त करंट जातो. जाऊ द्या. न्यूट्रलच्या वाटेत ब्रेकर बहुधा नसतोच, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही.

करंट फारच मोठा असेल तर सिंगल कोअर, म्हणजे एकाच कंडक्टरची केबल, घ्या, आणि आर्मर पोलादीच हवा म्हणून अडून बसा. अ‍ॅल्युमिनियमचं आर्मर म्हणजे दिखाऊपणा. मग तिन्ही फेज पॅनेलच्या (वीज वाटपाच्या पेटीच्या) लोखंडी ग्लँड प्लेटच्या, म्हणजे जिच्यातून केबल आत शिरते त्या पत्र्याच्या, तीन वेगवेगळ्या भोकांतून आत घ्या. प्रत्येक भोकाभोवती चुंबकीय क्षेत्र फिरतं, प्लेटमध्ये एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे फिरणारे करंट, उठतात आणि लोड नसलेलं लोखंड हात लावू देत नाही इतकं तापतं. थ्री कोअरमध्ये ही गंमत नाही. तिथे तिन्ही फेज एकाच भोकातून जातात आणि एकमेकांना निष्प्रभ करतात.

पुरण्याबद्दल फार सांगत नाही. खाली वाळू नको, वर फरशी नको, इशाऱ्याची पट्टी तर मुळीच नको. पुढच्या वेळी खोदणाऱ्याला केबल आपोआप सापडेल. ड्रम गाडीवरून ढकलून द्या. कापलेलं टोक उघडंच पावसात ठेवा. तारांच्या फटींतून पाणी आत किती लांब सरकतं हे बघण्यासारखं असतं.

आता मुख्य काम, म्हणजे टोक. शेकडो मीटर केबल कारखान्यात तपासून आलेली असते, तिच्यात तुम्हाला काही करून दाखवायला जागा उरत नाही. तुमचं कर्तृत्व दाखवायला दोन्ही बाजूंचे शेवटचे दीड-दोन हातच मिळतात. तेव्हा इथे कसूर नको.

आधी केबल बेताची कापा. आर्मर्ड केबल व्यासाच्या साधारण १२ पटींहून कमी त्रिज्येत वाकवू नये म्हणतात; म्हणजे व्यास ६० मिलिमीटर असेल तर ७२०. पॅनेलपुढे एवढी जागा कोणी ठेवतं का? चौघं लावा, गुडघा टेकवा, काटकोनात बसवा.

ग्लँड, म्हणजे पॅनेलच्या भोकात केबल घट्ट धरणारा सांधा, ही वस्तू अनेकांना शोभेची वाटते, आणि तुम्हीही तीच समजूत जपा. डबल कम्प्रेशन ग्लँडमध्ये आतल्या शीथवर, म्हणजे आवरणावर, एक सील, बाहेरच्या शीथवर दुसरं, आणि मधल्या कोनावर आर्मरच्या तारा एकसारख्या पसरून आवळल्या जातात. एवढा वेळ कोणाला? बाहेरची शीथ सोलताना हॅक्सॉ बेधडक चालवा, आर्मरमधून थेट आतल्या शीथपर्यंत. तारा ग्लँडच्या बाहेरच छाटून टाका. ग्लँड दोन साइझ मोठा आला असेल तर फटीत चिंधी कोंबा. प्लेटवरचा रंग खरवडू नका, नवाकोरा पॅनेल कशाला विद्रूप करायचा? अर्थ टॅग, म्हणजे आर्मर अर्थला जोडायची चकती, पिशवीतच राहू द्या. असं केलं की आर्मर अर्थपासून सुटतं, आणि दोष उद्भवला तर करंटला परतीचा मोकळा रस्ता राहत नाही. ब्रेकर ट्रिप होत नाही. वीज खंडित न होणं हीच तर पुरवठ्याची खरी कसोटी!

आणि लग, म्हणजे कंडक्टरच्या टोकावर दाबून बसवायचं धातूचं टोपण. ३००ची केबल आणि लग २४०चे आले, तर परत पाठवण्याचा बावळटपणा करू नका. कंडक्टरच्या बाहेरच्या काही तारा कटरने उडवा, बाकीचा गुच्छ सुखाने आत जातो. एकदा लग चढला आणि वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आकसणारी नळी, बसली, की आत किती तारा आहेत हे कोणालाच दिसत नाही. उलट लग मोठा निघाला, तर कापलेल्या त्याच तारा पाचरीसारख्या ठोका. काहीच वाया गेलं नाही. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा लग चढवा, दोन धातूंच्या बायमेटलिक लगच्या भानगडीत पडू नका. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम तांब्यापेक्षा जवळपास दीडपट प्रसरण पावतं, निवल्यावर तितकंच आकसतं, आणि प्रत्येक फेरीत सांधा थोडा थोडा मोकळा होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर क्षणात ऑक्साइडचा थर येतो, तो वीज नीट वाहू देत नाही. म्हणून ब्रशने घासून लगेच जेली लावतात. तुम्ही जेलीची ट्यूब बिलाला पुरावा म्हणून सांभाळून ठेवा.

लग दाबून बसवायचं हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूल मिळालं तरी डाय, म्हणजे दाबणारा साचा, जो आत असेल तोच चालवा. टूल नसेल तर छिन्नी-हातोडा आहेच. क्रिम्पच्या आधी डायवरचा नंबर आणि लगवरचा नंबर शेजारी धरून बघणारा, दाब पूर्ण होईपर्यंत हँडल न सोडणारा एखादा वायरमन असतो. असा माणूस कामावर ठेवू नका, त्याचं काम बरीच वर्षं टिकतं आणि तुम्हाला परत बोलवावं लागत नाही.

लग बसबारला, म्हणजे पॅनेलमधल्या वीजवाहक पट्टीला, लावताना दोघांच्या मध्ये लोखंडी वॉशर सरकवा. दिसायला नीटनेटकं, आणि करंटला तेवढीच अडथळ्यांची शर्यत. बोल्ट आवळायला नेमका जोर दाखवणारा टॉर्क रेंच कशाला? पान्याला पाइप लावा आणि लोंबकळा. अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं, त्यामुळे जास्त आवळलेलं काही दिवसांनी आपोआप सैल होतं. केबलचं वजनही टर्मिनलवरच येऊ द्या; शेवटी ती त्याचीच केबल.

या सगळ्याचा हिशेब अगदी छोटा आहे. सांध्यात एक मिलीओहम, म्हणजे ओहमचा हजारावा भाग, जास्तीचा राहिला आणि ३०० अँपिअर वाहिले, तर त्या एका बोल्टपाशी ९० वॅट उष्णता तयार होते. चांगल्या सोल्डरिंग आयर्नएवढी, आणि तीही अखंड.

तरी चाचणी कराच, फोटो लागतो. मेगर फिरवा, मेगोहमचा आकडा भरपूर येईल, कारण मेगर इन्सुलेशन बघतो, लगकडे बघत नाही. लोड चढल्यावर थर्मल कॅमेरा आणायचं कोणी सुचवलं तर तो दिवस सुट्टीचा निघाला पाहिजे. फेजचा क्रम तपासायची गरज नाही. पंप उलटा फिरला आणि वर पाणी चढलं नाही, की फोन येतोच.

काही महिन्यांनी पॅनेलमधून वास येऊ लागला तर केबल खराब निघाली म्हणून ठणकावून सांगा. ती मधोमध कापून मात्र बघू नका, आतून नव्यासारखी निघण्याचा धोका असतो. सरळ मोठी मागवा. ३०० होती, आता ४०० घ्या. लग नवे घ्यायला नकोत, ३००चे पडलेत ना कपाटात. तारा कशा छाटायच्या ते वर सांगितलंच आहे.