‘साठ वर्षांत कुणाला काही झालं नाही’ : प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. दिव्यांच्या अर्थिंगवरचा, म्हणजे बिघाडात करंट जमिनीत नेणाऱ्या तिसऱ्या वायरीवरचा माझा लेख तुम्हाला उगाच घाबरवणारा वाटला. तुम्ही लिहिलंत, ‘गिरगावातल्या आमच्या चाळीत साठ वर्षं दिव्याला फेज आणि न्यूट्रल अशा दोनच वायरी आहेत, कुणाला काही झालं नाही. ईएलसीबी बसवा, अर्थिंग न्यूट्रलला जोडा, विषय संपला.’

तुमचा राग एका बाबतीत रास्त आहे. ‘सगळं वायरिंग बदला’ असं मी एका ओळीत लिहून मोकळा झालो. पागडीची खोली, त्यात इमारत पुनर्विकासाच्या वाटेवर. अशात भिंती फोडायला कोण धजेल?

पण साठ वर्षं काही झालं नाही, ते कशामुळे? लाकडी पट्टीवरून आलेल्या त्या दोन वायरींच्या टोकाला लाकडी गट्टू आणि बेकेलाइटचा होल्डर असायचा. हाताला लागेल असं धातूचं काही नव्हतंच. आज त्याच वायरींवर आपण पितळी झुंबर टांगतो, मोरीतल्या आरशावर स्टीलचा दिवा लावतो. आत एखादी वायर सोलली गेली की अख्ख्या बॉडीत करंट उतरतो, आणि त्याला जायला वाट नसते.

ईएलसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, जरूर बसवा, ३० मिलिअँपिअरचा. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट जुळला नाही की तो पुरवठा तोडतो. अर्थिंग असेल तर बिघाड होताच तुटेल. नसेल तर कुणाचा तरी हात लागेपर्यंत तो गप्प बसतो. करंट त्या माणसातून गेल्यावरच त्याला कळतं.

न्यूट्रलला अर्थिंग मात्र कृपा करून जोडू नका. मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर दिव्यातून फिरून २३० व्होल्ट थेट बॉडीवर येतात, दिवा धडधाकट असला तरी. नळाच्या पाइपलाही नको. मध्ये प्लास्टिकचा तुकडा जोडलेला असला की तुमचा बिघाड शेजाऱ्यांच्या नळात उतरू शकतो.

भिंत न फोडता करण्यासारखं आहे. चौकोनात चौकोन अशी खूण असलेला दिवा घ्या. त्याचं इन्सुलेशन दुहेरी असतं, अर्थिंग लागत नाही. धातूचाच हवा असेल तर प्लास्टिकच्या पट्टीतून अर्थिंगची हिरवी वायर ओढून घ्या. त्याआधी मीटरपाशी अर्थिंग खरंच आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्या.

आणि बल्ब बदलताना मेन बंद करा. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर असतं, म्हणजे दिवा विझला तरी होल्डरमध्ये फेज असतोच.

तुमच्या मोरीतला दिवा धातूचा असेल, तर पावसाळ्याआधी निदान तेवढा बदला. भिंती ओल धरायच्या आत.